खंड पडल्यानंतर पुन्हां खेळाकडे : घरच्या घरीं करावयाची तयारी

पुस्तकाचा अभ्यास आणि खेळाचा अभ्यास यांत एक साम्य असें आहे कीं, दोहोंतहि खंड पडल्यावांचून राहत नाहीं. आपल्या शिरपूरकडे तर निसर्गच दरवर्षीं हा खंड पाडतो. मृगाच्या दोनचार सरी पडल्या कीं मैदानावरची काळी माती जोड्यास ढेकळाएवढी चिकटूं लागते आणि महिना-दोन महिने धावपळीचा खेळ बंद ठेवावा लागतो. चैत्र-वैशाखांत ऊन असें कडक असतें कीं, सकाळीं नऊनंतर उघड्या मैदानांत उभें राहवत नाहीं. त्याशिवाय दहावी-बारावीची परीक्षा, हिंवताप, विषमज्वर किंवा डेंग्यू यांसारखें आजारपण, हाडाचा मोड, वडिलांची बदली, कापूस वेंचणीच्या दिवसांत शेतावर लागणारी मदत, अशीं नाना कारणें आहेतच. २०२० सालच्या मार्च महिन्यांत करोनाच्या साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां तर साऱ्या देशाचीं मैदानें एकाच वेळीं ओस पडलीं. खंड पडणें हा दोष नव्हे. प्रश्न एवढाच कीं, खंडानंतर परत कसें यावें.

बहुतेक मुलें ज्या रीतीनें परत येतात ती रीत आम्हां शिक्षकांस पाठ झाली आहे. श्रावण सरतां सरतां मैदान वाळतें, शालेय सामन्यांची तारीख लागते, आणि अडीच महिने घरांत बसलेला गडी पहिल्याच संध्याकाळीं, जेथें खेळ सोडला होता तेथूनच तो सुरू करतो. त्या संध्याकाळीं तो फार छान खेळतो. दुसऱ्या दिवशीं जिना उतरतांना भिंत धरतो. आणि चवथ्या-पांचव्या दिवशीं मांडीच्या मागचा स्नायु धरून मैदानाच्या कडेला बसतो. सामना त्याच्यावांचून होतो. एवढ्यावर निभावलें तर ठीक. परंतु गुडघ्याचा किंवा घोट्याचा सांधा एकदां चांगला दुखावला म्हणजे तो पुढें कित्येक वर्षें कुरकुरत राहतो, आणि घरांतील वडील माणसें "आतां पुरे झाला खेळ" असा निकाल देऊन मोकळीं होतात. निकाल मुलाच्या हिताच्या बुद्धीनेंच दिलेला असतो. पण दोष खेळाचा नसून परत येण्याच्या रीतीचा आहे, हें त्यांस कोणीं सांगितलेलें नसतें. म्हणून हा लेख मुलांइतकाच पालकांसाठींहि आहे.

खंडांत शरीराचें नेमकें काय होतें तें प्रथम पाहूं. शरीर हा मोठा काटकसरी कारभारी आहे. जें काम त्याच्याकडून रोज घेतलें जात नाहीं त्यासाठीं तो खर्च करीत नाहीं. सर्वांत आधीं जातो तो दम. व्यायाम थांबल्यावर थोड्याच दिवसांत रक्तांतील पाणीदार भाग कमी होतो, त्यामुळें हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक पुढें लोटलें जाणारें रक्तहि कमी होतें, आणि दोन ते चार आठवड्यांत धावणाऱ्यास आपला दम तुटत असल्याचें स्पष्ट जाणवूं लागतें. स्नायूंचा जोर मात्र इतका उतावळा नसतो. तीन-चार आठवड्यांच्या विश्रांतीनें त्यांत फारसा फरक पडत नाहीं.

याविषयीं अमेरिकेंतील डॅलस शहरीं १९६६ सालीं केलेला एक प्रयोग जगभर प्रसिद्ध आहे. वीस वर्षांच्या पांच निरोगी तरुणांस तीन आठवडे सक्तीनें अंथरुणावर निजवून ठेवण्यांत आलें. उठल्यावर त्यांची परीक्षा घेतली, तों शरीरास प्राणवायु वापरण्याची जी कमाल शक्ति असते ती पाव भागाहूनहि अधिक उतरलेली आढळली. तीस वर्षांनीं, १९९६ सालीं, तेच पांच गृहस्थ, आतां पन्नाशीचे आणि पोट सुटलेले, पुन्हां तपासण्यांत आले. तेव्हां असें दिसून आलें कीं, तीस वर्षांच्या वार्धक्यानें त्यांचें जेवढें नुकसान केलें होतें त्याहून अधिक नुकसान तारुण्यांतील त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानें केलें होतें! हें वाचून कोणी घाबरून जाऊं नये, कारण प्रयोगाचा पुढचा भाग आनंदाचा आहे. त्या पांचहि जणांस सहा महिने चालणें, हळू धावणें आणि सायकल यांचा बेताबेतानें वाढविलेला व्यायाम दिला, आणि तेवढ्यानें त्यांची शक्ति विशीच्या आरंभीं, निजण्यापूर्वीं, जेवढी होती तेवढी परत आली. आपला विद्यार्थी सुट्टींत अंथरुणास खिळलेला नसतो. तो विहिरीवर जातो, दुकानांत जातो, गच्चीवर पतंग उडवितो. त्यामुळें त्याची घसरण इतकी मोठी नसते.

खरी गोम निराळ्याच ठिकाणीं आहे. दम आणि स्नायु हे लवकर जातात तसे लवकर परतहि येतात. एकदां कमावलेला स्नायु दुसऱ्या खेपेस पहिल्याहून कमी श्रमांत भरतो. परंतु स्नायूस हाडाशीं बांधणारी दोरी, जिला वैद्यकांत कंडरा म्हणतात, आणि हाडास हाडाशीं बांधणारे अस्थिबंध, यांस रक्ताचा पुरवठा थोडा असतो. म्हणून त्यांस बळकटी यावयास आठवडे नव्हे तर महिने लागतात. याचा अर्थ असा कीं, परत आलेल्या खेळाडूस आपण तयार झालों असें ज्या दिवशीं वाटतें त्या दिवशीं त्याचें शरीर खरोखर तयार झालेलें नसतें. छातीनें परवानगी दिलेली असते. घोट्यानें दिलेली नसते.

यांत आणखी एका गोष्टीची भर पडते. कसब विसरलें जात नाहीं. लहानपणीं शिकलेली सायकल वीस वर्षांनींहि चालवितां येते, तसाच चेंडू टोलविण्याचा, खो देण्याचा किंवा पोहण्याचा हात मेंदूंत कायमचा बसलेला असतो. थोडा वेग मंदावतो, अंदाज चुकतो, पण दोनचार दिवसांत ताल जुळतो. हें वरदान खरें. तथापि जुन्या सरावाचा हात नव्या, सैल पडलेल्या खांद्यास असें काम सांगतो कीं जें त्यास झेपत नाहीं.

या दोन्ही गोष्टी एकाच सामन्यांत पाहावयाच्या असतील तर मुंबईचे विजय मर्चंट यांचें उदाहरण डोळ्यांपुढें आणावें. १९४६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत लंडनच्या ओव्हल मैदानावर त्यांनीं १२८ धावा काढल्या. (तेथें ते बाद झाले ते फार गमतीनें : इंग्लंडचा खेळाडू कॉम्प्टन हा फुटबॉलपटूहि होता, त्यानें चेंडू हातानें न उचलतां लाथेनेंच यष्ट्यांवर मारला.) त्यानंतर प्रकृति बिघडल्यामुळें मर्चंट यांस १९४७-४८ चा ऑस्ट्रेलियाचा दौरा सोडावा लागला, या दौऱ्यासाठीं त्यांची कप्तान म्हणून निवड झालेली होती. पुढच्या वर्षीं वेस्ट इंडीजचा संघ आला, तेव्हांहि ते कसोटी सामन्यांत नव्हते. अशीं पांच वर्षें गेलीं. १९५१ च्या नोव्हेंबरांत दिल्लीस इंग्लंडविरुद्ध ते पुन्हां उतरले तेव्हां त्यांचें वय चाळीस होतें. त्या डावांत त्यांनीं १५४ धावा केल्या, आणि त्यांच्या सबंध कसोटी आयुष्यांतील तीच सर्वांत मोठी संख्या ठरली. समोरच्या बाजूस सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेले कप्तान विजय हजारे होते; त्यांनीं नाबाद १६४ केल्या, आणि दोघांनीं मिळून २११ धावांची भागी रचली. कसब पांच वर्षांत तसूभरहि गंजलें नव्हतें. परंतु त्याच सामन्यांत क्षेत्ररक्षण करतांना मर्चंट यांच्या खांद्यास दुखापत झाली, आणि तोच त्यांचा शेवटचा कसोटी सामना झाला. एवढ्या थोर खेळाडूच्या दुखापतीचें सारें कारण खंड हेंच होतें असें म्हणण्याचा आमचा आशय नाहीं. चाळिशींत अंग झोंकून दिलें तर कोणाचाहि खांदा निखळूं शकेल. मात्र बॅट धरणारा हात आणि जमिनीवर आपटणारा खांदा हे एकाच मनुष्याचे असले तरी त्यांची तयारी वेगवेगळी करावी लागते, एवढें यावरून ध्यानांत यावें.

आतां गोल्फसारख्या खेळाकडे वळूं. आपल्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं तो प्रत्यक्ष पाहिला असेल. नाशिकला गेलेल्यांनीं 'गोल्फ क्लब मैदान' हें नांव ऐकलें असेल. आज त्या मैदानास हुतात्मा अनंत कान्हेरे यांचें नांव आहे, तेथें रणजी चषकाचे क्रिकेटचे सामने झाले आहेत, तरी लोकांच्या तोंडीं जुनें नांव टिकून आहे. हा खेळ साहेबलोकांबरोबर आपल्या देशांत आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा आणि मुंबईचा १८४२ सालचा. आम्ही त्याचा उल्लेख येथें करितों तो दोन कारणांनीं. एक तर तो म्हातारपणापर्यंत खेळतां येत असल्यामुळें त्यांत दीर्घ खंडानंतर परतणारांची संख्या मोठी असते, आणि दुसरें, त्याची बरीचशी तयारी घरांतच होते.

वरवर पाहतां गोल्फ हा निवांत खेळ वाटतो. पण अठरा खड्डे पुरे करावयाचे म्हणजे दोन-तीन कोस चालणें आलें, आणि प्रत्येक लांब टोल्याच्या वेळीं कंबर, पाठ व खांदे दोरी पिळल्यासारखे पिळून एकदम उलगडावे लागतात. हौशी खेळाडूच्या तक्रारी प्रामुख्यानें कमरेच्या, कोपराच्या आणि मनगटाच्या असतात त्या यामुळेंच. उलट, ठरीव बहात्तर टोल्यांपैकीं छत्तीस टोले हे खड्ड्याजवळच्या हिरवळीवर चेंडू हळुवार ढकलण्याचे धरलेले असतात. म्हणजे अर्धा खेळ ताकदीचा नसून नजरेचा व मनगटाच्या स्थिरतेचा. खड्डा सव्वाचार इंच रुंद असतो. घरांतील सतरंजीवर तेवढ्या तोंडाचा तांब्या आडवा ठेवून दहा पावलांवरून चेंडू त्यांत घालण्याचा सराव करण्यास ना मैदान लागतें ना पैसा.

राहिला पिळाचा टोला. त्यासाठीं काठी खांद्यांवर आडवी धरून, पाय स्थिर ठेवून, उजवीकडे-डावीकडे सावकाश वळावें, असें सांगतात. आम्हांस मात्र येथें आपल्या तालमींतील मुद्गलाची आठवण होते. खांदा, मनगट आणि कंबर एका लयींत फिरविणारें याहून सोपें साधन नाहीं. इंग्रज अधिकाऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकांत तें आपल्याकडे पाहिलें, विलायतेस नेलें, आणि 'इंडियन क्लब्स' या नांवानें तें तिकडे इतकें रुजलें कीं १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिक सामन्यांत त्याची स्वतंत्र स्पर्धा झाली. ज्यांच्या घरीं आजोबांचे मुद्गल माळ्यावर धूळ खात पडले असतील त्यांनीं ते खालीं काढावेत. नसतील तर पाण्यानें अर्धी भरलेली बाटली आरंभास पुरे.

गोल्फमधील परतण्याची सर्वांत प्रसिद्ध कथा अमेरिकेच्या बेन होगन याची आहे. १९४९ च्या फेब्रुवारींत टेक्सासमध्यें त्याच्या मोटारीवर समोरून एक बस आदळली. पत्नीस वांचविण्यासाठीं तो तिच्या अंगावर आडवा झाला. त्याचें कटीचें हाड, गळ्याचें हाड, घोटा आणि बरगडी मोडली. पुढें पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, आणि त्या फुप्फुसांत जाऊं नयेत म्हणून पोटांतील मोठी शीर बांधावी लागली. हा पुन्हां खेळेल असें कोणास वाटत नव्हतें. घरीं आल्यावर त्यानें आरंभ केला तो चेंडू मारण्यापासून नव्हे, तर घरांतल्या घरांत फेऱ्या घालण्यापासून. मग घराभोंवतीं, मग रस्त्यावर. अपघातास सोळा महिने झाले होते तेव्हां, जून १९५० मध्यें, पायांस पट्टे गुंडाळून तो अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरला. शेवटच्या दिवशीं एकाच दिवसांत छत्तीस खड्डे चालला, बरोबरी झाल्यामुळें दुसऱ्या दिवशीं आणखी अठरा, आणि जिंकला. विजयाच्या छायाचित्रांपेक्षां त्या घरांतल्या फेऱ्याच आम्हांस अधिक बोधप्रद वाटतात, कारण त्या शिरपूरच्या कोणत्याहि ओसरीवर घालतां येतात.

तर आपल्या मुलांनीं घरीं काय करावें? सामने लागण्यापूर्वीं निदान चार आठवडे हातीं असावेत. प्राचीन ग्रीक लोकांत ऑलिंपियास उतरणाऱ्या खेळाडूस आपण दहा महिने नियमानें सराव केला आहे अशी शपथ घ्यावी लागे. संत पौलानें करिंथच्या मंडळीस लिहितांना धावणाऱ्याचा दाखला घेतला आहे तो अशाच लोकांच्या डोळ्यांदेखतचा आहे. आपण चारच आठवडे मागतों आहों.

पहिल्या आठवड्यांत धावूं नये. झपझप चालावें, वीस मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, अशा वेगानें कीं बोलतां यावें पण गातां येऊं नये. ही कसोटी घड्याळावांचून चालते व सहसा चुकत नाहीं. चालून आल्यावर ओट्याशीं उभें राहून दहा-दहा बैठका तीन वेळां काढाव्या. पहिले चार दिवस अर्ध्यावरच थांबावें, पूर्ण खालीं बसूं नये. जोर काढावयाचे ते आधीं भिंतीला हात टेकून, मग ओट्याच्या कडेला, आणि मग जमिनीवर. हे तीन टप्पे गाळून एकदम जमिनीवर पंचवीस जोर मारणारा मुलगा आम्ही दरवर्षीं पाहतों, आणि तिसऱ्या दिवशीं तोच दप्तर उचलतांना तोंड वांकडें करतो.

घरांतील पायरी हें उत्तम साधन आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांनीं उभें राहावें, टांचा वर उचलाव्या आणि पांच अंक मोजीत सावकाश खालीं आणाव्या. वर जाण्यापेक्षां हें सावकाश खालीं येणेंच अधिक मोलाचें. टांचेमागची जाड कंडरा अशा कामानेंच बळकट होते. तसेंच मांडीच्या मागील स्नायूसाठीं पाठीवर निजून, गुडघे दुमडून, कंबर वर उचलून धरावी. हे व्यायाम दिसावयास क्षुल्लक आहेत, त्यांत कोणी टाळ्या वाजवीत नाहीं, म्हणूनच मुलें ते टाळतात.

तोल सांभाळण्याचा अभ्यास तर दांत घांसतांनाच उरकतो. सकाळीं उजव्या पायावर, रात्रीं डाव्या पायावर उभें राहून दांत घासावे. सोपें वाटूं लागलें म्हणजे डोळे मिटून पाहावें. मग कळतें कीं घोटा किती झोंपलेला होता. खो-खोंत बसल्या जागेवरून उठून एकदम दिशा बदलावी लागते, हुतूतूंत एका पायावर उभें राहून दुसरा लांबवावा लागतो. या दोन्ही खेळांत अशा झोंपलेल्या घोट्यास फार धोका असतो. जागतिक फुटबॉल संघटनेनें तयार केलेल्या वीस मिनिटांच्या पूर्वतयारींत धावणें, एका पायावर तोलणें, उड्या आणि मांडीचे व्यायाम हेच आहेत, आणि जे संघ ती नियमानें करतात त्यांत दुखापती सुमारें एक तृतीयांशानें कमी होतात असें अनेक ठिकाणच्या पाहणींत दिसून आलें आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून चालण्यांत धावणें मिसळावें : दोन मिनिटें चाल, एक मिनिट धाव. तिसऱ्यांत दोरीवरच्या उड्या, प्रथम तीसच, आणि थोडीं झपाट्याचीं वळणें. चवथ्यांत पूर्ण वेग. आठवड्यास दहाव्या हिश्श्याहून फार अधिक वाढवूं नये असा शिक्षकांत एक ठोकताळा आहे. तो कांहीं ईश्वरी नियम नव्हे, परंतु उतावळ्या मुलास लगाम म्हणून बरा. आठवड्यांतून एक पूर्ण दिवस विश्रांतीचा असावा. तो आमच्या घरीं रविवार असतो, तुमच्या घरीं कोणताहि असो.

नजर आणि हात यांसाठीं अंगण पुरेसें आहे. जुन्या मोज्यांत चेंडू घालून तो लिंबाच्या फांदीस टांगावा आणि सरळ बॅटनें टोलवावा. ऑस्ट्रेलियाचा ब्रॅडमन लहानपणीं बाउरल गांवीं घरामागच्या पाण्याच्या टांकीच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू फेंके आणि उसळून येणारा तो चिमुकला चेंडू क्रिकेटच्या यष्टीनें परतवी. ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्या मानानें हें कमी ठाऊक असतें कीं, १९४१ सालीं स्नायूंच्या विकारानें त्यास सैन्यांतून मोकळें करण्यांत आलें होतें, आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्यें अडतिसाव्या वर्षीं कसोटींत परत येऊन त्यानें पहिल्याच डावांत १८७ धावा काढल्या. गोलंदाजी करणारांनीं मात्र चेंडू मोजून टाकावेत. पहिल्या दिवशीं वीस, तेहि अर्ध्या वेगानें. खांद्यास वाईट संवय अशी आहे कीं तो त्या दिवशीं तक्रार करीत नाहीं, दुसऱ्या दिवशीं करतो.

दुखण्याचे प्रकार ओळखावयास शिकलें पाहिजे. नवीन व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सगळ्या स्नायूंत जो ठणका जाणवतो तो निरुपद्रवी होय. हलक्या चालीनें तो उतरतो. पण एकाच ठिकाणीं, बोट ठेवून दाखवितां येईल असें, सांध्यांत किंवा हाडावर दुखत असेल, सूज असेल, तर तेथें शौर्य कामाचें नाहीं. तो व्यायाम थांबवावा आणि चार-पांच दिवसांत उतार न पडल्यास डॉक्टरांस दाखवावें.

आजारपणानंतरचें परतणें याहून निराळें आहे, आणि येथें पालकांचें लक्ष हवें. ताप अंगांत असतांना कोणताहि व्यायाम करूं नये, "घाम गेला म्हणजे ताप जातो" ही समजूत सोडून द्यावी. कांहीं विषाणूंच्या तापांत हृदयाच्या स्नायूसहि सूज येते आणि त्या अवस्थेंत धावणें जिवावर बेतूं शकतें. विषमज्वरांत आंतड्यास व्रण पडलेले असतात, डेंग्यूंत रक्त गोठविणाऱ्या कणिका घटलेल्या असतात. म्हणून या दोहोंनंतर डॉक्टरांनीं मोकळीक दिल्यावरच आरंभ करावा, आणि तोहि घरांतल्या फेऱ्यांपासून. धावतांना छातींत दुखलें, भोंवळ आली किंवा छाती विनाकारण धडधडली तर त्याच क्षणीं थांबावें. हीच सूचना त्या पालकांसहि आहे, जे मुलाचें पाहून पंधरा वर्षांनीं पुन्हां बॅडमिंटनची रॅकेट हातीं घेतात. त्यांनीं आधीं रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. नंतर खुशाल मुलाबरोबर उतरावें, घरास त्याहून चांगलें दृश्य नाहीं.

उन्हाविषयीं दोन शब्द. शरीरास उष्णतेची संवय व्हावयास सुमारें एक ते दोन आठवडे लागतात. तोंवर सराव पहाटे किंवा सूर्य कलल्यावरच ठेवावा. खेळापूर्वीं पाणी, खेळानंतर मीठ घातलेलें ताक किंवा लिंबाचें सरबत. बाटलींतील रंगीत पेयांची गरज नाहीं. खाण्याविषयींहि आपल्या खानदेशानें लाजण्याचें कारण नाहीं. कळण्याची किंवा बाजरीची भाकरी, तुरीची डाळ, शेंगदाणे, तापीकांठचें केळें आणि ज्यांस चालतें त्यांस अंडें, एवढ्यांत वाढत्या अंगास लागणारें बहुतेक सारें येतें. झोंप मात्र आठ तासांहून कमी नको. स्नायूंची दुरुस्ती रात्रींच होते, आणि मोबाइलपुढें बारा वाजेपर्यंत जागणाऱ्या मुलाचे सकाळचे जोर बहुतांशीं पाण्यांत जातात.

शेवटीं मुलींविषयीं सांगितल्यावांचून हा लेख पुरा होत नाहीं. मुलाचा खंड परीक्षेबरोबर संपतो. मुलीचा खंड पुष्कळ वेळां संपतच नाहीं. सातवी-आठवींत खो-खोंत चपळ असलेली मुलगी सुट्टींत घरीं बसते, लहान भावंडें, पाणी, चूल हीं तिच्याकडे येतात, आणि जूनमध्यें ती शाळेंत येते पण मैदानावर येत नाहीं. कोणीं तिला मना केलेलें नसतें. फक्त विचारलेलेंहि नसतें. २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यांत भारताच्या पुरुषांनीं व महिलांनीं दोन्ही चषक जिंकले. महिला संघाची कप्तान प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कप्तान प्रतीक वाईकर हीं दोघेंहि महाराष्ट्रांतलीं. ज्या खेळांत आपल्या राज्याचा एवढा वाटा आहे तो खेळ आपल्याच मुलींनीं चौदाव्या वर्षीं सोडावा, हें आमच्या मनास पटत नाहीं.

अशा मुलीस घरीं रोज अर्धा तास तिचा म्हणून मिळाला पाहिजे, आणि त्या अर्ध्या तासांत तिला हांक मारली जाऊं नये. दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींचें रक्त कमी असल्याचें आढळलें. ज्या मुलीस दोन मजले चढून धाप लागते तिला आळशी म्हणण्यापूर्वीं सरकारी दवाखान्यांत तिचें हिमोग्लोबिन तपासून घ्यावें. कमी निघाल्यास डॉक्टर गोळ्या देतील, त्या पुरे दिवस घ्याव्या. जेवणांत पालेभाजी असावी व तिच्यावर लिंबू पिळावें, म्हणजे लोह अंगीं लागतें.

चार आठवडे झाले म्हणजे मैदानावर जाण्यापूर्वीं घरींच परीक्षा घ्यावी. अर्धा तास न थांबतां हळू धावतां येतें काय? एका पायावर, डोळे मिटून, दहा अंक मोजेपर्यंत उभें राहतां येतें काय? एकाच पायावर टांच वीस वेळां उचलतां येते काय, आणि उजव्या-डाव्यांत फार अंतर पडत नाहीं ना? उत्तर होय असेल तर पहिल्या दिवशीं निम्माच वेळ खेळावें, आणि बाकीचा वेळ कडेला बसून इतरांचा खेळ पाहावा. दुसऱ्या सकाळीं उठतांच जिना उतरून पाहावा. भिंत धरावी लागली नाहीं तर त्या संध्याकाळीं पुन्हां जावें.